पक्षाघातानंतरचे नव्वद दिवस : रक्ताची नळी काय सांगते?

पक्षाघात म्हणजे मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा एकाएकी तुटणे. बहुतेक वेळा धमनीत गुठळी अडकते, एरवी धमनी फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. वसई-विरार पट्ट्यातली जुनी माणसे अजूनही ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात, तरुण मंडळी ‘ब्रेन स्ट्रोक’ म्हणतात आणि केसपेपरवर ‘सीव्हीए’ लिहिलेले असते. नाव कोणतेही असो, रुग्णाला खाटेवर घेतल्यावर तासाभरात नातेवाइकांचे प्रश्न तेच असतात. वाचतील ना? चालतील ना? बोलतील ना? या प्रश्नांचे उत्तर रक्ताच्या तपासणीतून काढता येईल का, यावर काही दशके संशोधन चालू आहे.

प्रश्न किती मोठा आहे हे मुंबईतल्या एका पाहणीवरून कळते. डॉ. पी. एम. दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ व २००६ या दोन वर्षांत एच वॉर्डातील दीड लाखांहून अधिक लोकवस्तीतल्या पक्षाघाताची नोंद ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा झटका आलेले ४५६ रुग्ण आढळले. त्यांतल्या ८०.२ टक्के रुग्णांना गुठळीचा आणि १७.७ टक्के रुग्णांना रक्तस्रावाचा पक्षाघात होता. २८ दिवसांच्या आत २९.८ टक्के रुग्ण दगावले. म्हणजे दहांतले तीन गेले आणि सात राहिले. त्या सातांपैकी कोण आपल्या पायांवर घरी परतेल आणि कोण अंथरुणाला खिळेल, हा भाकिताचा खरा विषय आहे.

मोजायचे काय?

भाकीत करायचे तर आधी मोजपट्टी हवी. ग्लासगोचे डॉ. जॉन रँकिन यांनी १९५७ मध्ये मांडलेली आणि पुढे सुधारलेली श्रेणी जगभर वापरली जाते. झटक्यानंतर ९० व्या दिवशी रुग्णाला ० ते ६ यांपैकी एक आकडा दिला जातो. ० म्हणजे काहीच त्रास नाही आणि ६ म्हणजे मृत्यू. थोडी बधिरता राहिली तरी पूर्वीसारखी विरार लोकल पकडून कामावर जाणारा माणूस १ मध्ये मोडतो. स्वतःचे सगळे स्वतः करणारा, पण वाडीतले शिंपण्या-खुरपण्याचे काम सोडावे लागलेला २ मध्ये. आधाराशिवाय चालतो पण आंघोळीला किंवा कपडे घालायला मदत लागते तो ३ मध्ये, दुसऱ्याने धरल्याशिवाय चालता येत नाही तो ४ मध्ये आणि कायमचा अंथरुणावर असलेला ५ मध्ये.

हा आकडा कोणता येईल याचा अंदाज बांधताना तीन गोष्टींचे वजन सर्वांत जास्त असते : रुग्णाचे वय, झटक्याची तीव्रता आणि स्कॅनमध्ये दिसणारे मेंदूचे नुकसान. तीव्रता मोजायला एनआयएचएसएस ही ० ते ४२ गुणांची पद्धत आहे. हात वर धरायला सांगणे, डोळ्यांची हालचाल पाहणे, एखादे वाक्य म्हणवून घेणे अशा तपासण्या खाटेजवळ उभ्याउभ्या पाच-दहा मिनिटांत होतात आणि त्यांना पैसाही लागत नाही. रक्ताच्या नव्या तपासणीला आपली किंमत सिद्ध करायची असेल तर या तिघांनी सांगितले त्याहून वेगळे काहीतरी सांगावे लागते. पुढची प्रत्येक तपासणी याच कसोटीवर घासून पाहायची आहे.

पहिल्या चार नळ्या

रुग्ण आकस्मिक विभागात आला की दंडाला पट्टा बांधून एकाच टोचणीत चार-पाच नळ्या भरल्या जातात. जांभळ्या झाकणाच्या नळीत पेशींची मोजणी म्हणजे सीबीसी, निळ्या नळीत रक्त गोठण्याची पीटी-आयएनआर तपासणी, करड्या नळीत साखर आणि लाल किंवा पिवळ्या नळीत क्रिएटिनिन, सोडियम वगैरे.

यांपैकी गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देण्यापूर्वी हातात असायलाच हवा असा आकडा एकच, तो साखरेचा. तोही प्रयोगशाळेतून यावा लागत नाही. बोटाला टोचून ग्लुकोमीटरवर काही सेकंदांत मिळतो. साखर ५० मिलिग्रॅमच्या खाली गेली तर एक हात लुळा पडणे, जीभ जड होणे अशी हुबेहूब पक्षाघाताची लक्षणे दिसू शकतात आणि शिरेतून ग्लुकोज दिले की ती बऱ्याचदा ओसरतात. रुग्ण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असेल किंवा रक्तस्रावाचा आजार असल्याची शंका असेल तरच आयएनआर आणि प्लेटलेट यांच्या आकड्यांसाठी थांबावे लागते. एरवी थांबणे महागात पडते. हे इंजेक्शन झटक्यानंतर साडेचार तासांच्या आत द्यायचे असते. मोठी धमनी बंद झाली असेल आणि उपचार झाले नाहीत, तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब अमेरिकेतील डॉ. जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडला. नको असलेल्या रिपोर्टसाठी घालवलेली २० मिनिटे म्हणजे ३ कोटी ८० लाख पेशी.

साखर : आकडा एक, अर्थ दोन

दाखल होतानाची साखर ही भाकिताची सर्वांत जुनी आणि स्वस्त खूण. आधी मधुमेह नसलेल्या रुग्णाची साखर झटक्यानंतर वाढलेली आढळली तर मृत्यूचा धोका जवळपास तिप्पट असतो, असे २००१ मध्ये अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले. मधुमेही रुग्णांत मात्र हा संबंध इतका ठळक नव्हता. एकच आकडा दोघांच्या बाबतीत वेगळे का सांगतो, हे उदाहरणाने कळेल.

समजा, नालासोपाऱ्याहून आणि आगाशीहून एकेक रुग्ण आला आणि दोघांचीही साखर २२० भरली. पहिल्याचे एचबीए१सी म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेचा आरसा ९ टक्के आहे. ठरलेल्या सूत्राने (एचबीए१सी गुणिले २८.७, वजा ४६.७) त्याची रोजची सरासरी साखर सुमारे २१२ येते. म्हणजे २२० हा त्याचा नेहमीचाच दिवस. दुसऱ्याचे एचबीए१सी ५.६ आहे, त्याची सरासरी ११४. त्याची साखर एका झटक्यात जवळपास दुप्पट झाली आहे. शरीराने अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसोलचा मारा केल्याची ती खूण आहे. नियंत्रणाचा प्रश्न पहिल्याचा मोठा, पण पुढच्या आठवड्याची काळजी दुसऱ्याची जास्त.

इथे नळीचा रंगही महत्त्वाचा ठरतो. करड्या नळीत फ्लोराइड असते, ते पेशींना साखर खाऊ देत नाही. साध्या नळीतले रक्त तसेच पडून राहिले तर साखर तासाला पाच ते सात टक्क्यांनी उतरते. उन्हाळ्यात डब्यात पडून राहिलेल्या नळीचा आकडा त्यामुळे खोटा दिलासा देऊ शकतो.

पांढऱ्या पेशी आणि चमचाभर पाणी

सीबीसीच्या रिपोर्टवर न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट यांची टक्केवारी छापलेली असते. पहिलीला दुसरीने भागले की एनएलआर हे गुणोत्तर मिळते, त्यासाठी वेगळा खर्च नाही. निरोगी माणसात ते साधारण १ ते ३ असते. न्यूट्रोफिल ८४ आणि लिम्फोसाइट ७ असतील तर ते १२ होते. जखमी मेंदू ताणाची संप्रेरके सोडायला लावतो. त्यामुळे न्यूट्रोफिल रक्तात लोटतात, लिम्फोसाइट घटतात आणि रोगप्रतिकारशक्ती काही दिवस ढिली पडते. हे गुणोत्तर जितके जास्त तितका परिणाम वाईट, असे अनेक देशांतील अभ्यासांत दिसले आहे. यकृतात तयार होणारे सीआरपी हे प्रथिनही असेच वागते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते प्रथम सापडले. पक्षाघातानंतर घात करणाऱ्या गुंतागुंतींत न्यूमोनियाच पुढे असतो, हा योगायोग ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

मग आकडे वाढलेले दिसताच आधीच प्रतिजैविके का देऊ नयेत? हा प्रयोग झाला आहे. नेदरलँड्समधील पास चाचणीत २,५५० रुग्ण आणि ब्रिटनमधील स्ट्रोक-इन्फ चाचणीत गिळताना अडचण असलेले १,२०० हून अधिक रुग्ण होते. दोन्हींचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. खबरदारी म्हणून दिलेल्या प्रतिजैविकांनी पासमध्ये तीन महिन्यांनंतरचा परिणाम सुधारला नाही आणि स्ट्रोक-इन्फमध्ये न्यूमोनियाही घटला नाही.

तरीही आकडा वाया जात नाही. असा रुग्ण न्यूमोनियाच्या उंबरठ्यावर आहे, एवढे तो सांगतो. बाकीचे काम माणसांचे असते : खाटेचे डोके उंच ठेवणे, तोंड स्वच्छ ठेवणे आणि गिळण्याची चाचणी होईपर्यंत तोंडाने काहीही न देणे. वॉर्डात मायेपोटी शहाळ्याचे पाणी किंवा पेजेचा चमचा रुग्णाच्या ओठांना लावला जातो. घसा लुळा असेल तर तोच घोट श्वासनलिकेत उतरतो.

हृदयाच्या खुणा

मेंदूत अडकलेली गुठळी कित्येकदा हृदयात तयार झालेली असते. हृदयाच्या भिंतीवर ताण आला की एनटी-प्रोबीएनपी वाढते आणि स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन वाढते. पक्षाघाताच्या रुग्णात ही दोन्ही वाढलेली असतील तर मृत्यूचा धोका अधिक असतो. एनटी-प्रोबीएनपी बरेच वाढलेले असेल तर एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर दडलेली असण्याची शंका घेऊन ईसीजीची दीर्घकाळ नोंद ठेवतात. गुठळी विरघळताना तयार होणारे डी-डायमर खूपच वाढलेले असेल आणि स्कॅनवर मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत एकाच वेळी इजा दिसत असेल, तर कुठे कर्करोग दडलेला नाही ना, हेही पाहावे लागते. या तपासण्या भाकितापेक्षा कारण शोधायला जास्त उपयोगी पडतात.

मेंदूतून गळणारी प्रथिने

आतापर्यंतच्या खुणा शरीराच्या प्रतिक्रियेच्या होत्या. चेतापेशी मरताना त्यांच्या पोटातली प्रथिने रक्तात गळतात. हृदयविकारात ट्रोपोनिनने जे केले ते मेंदूसाठी करणारे प्रथिन शोधण्याची धडपड त्यातूनच सुरू झाली.

महाराष्ट्रात हे काम नागपूरच्या सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये झाले. डॉ. हातिम दगिनावाला, डॉ. राजपाल सिंग कश्यप आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये आयटीआयएच४ या प्रथिनाकडे लक्ष वेधले. ही खूण उलट्या दिशेची आहे. झटक्यानंतर ती रक्तातून घटते आणि रुग्ण सुधारू लागला की परत दिसू लागते. २०१२ मध्ये याच गटाने दाहाशी संबंधित सायटोकाइन आणि आयटीआयएच४ यांचे चढउतार पुन्हा पुन्हा रक्त घेऊन तपासले. एका वेळच्या आकड्यापेक्षा आकड्याची चाल अधिक बोलकी असते, हा या पद्धतीचा धडा.

एनएसई आणि एस१००बी या प्रथिनांवर जगभर बरेच काम झाले. मेंदूचे नुकसान जितके मोठे, तितके त्यांचे प्रमाण जास्त. पण एनएसई तांबड्या पेशींतही असते. नमुना घेताना किंवा नेताना पेशी फुटल्या तर आकडा फुगतो. अशा विशेष तपासण्यांसाठी विरारचा नमुना बर्फाच्या पाकिटासह वसईची खाडी ओलांडून मुंबईच्या प्रयोगशाळेत जातो. घोडबंदरच्या पुलावर वाहने खोळंबलेली असतात आणि रस्त्याला खड्डे असतात. सीरम वेगळे न करता पाठवलेल्या नळीत तळाशी लालसर झाक दिसली तर तो आकडा मेंदूचा की प्रवासाचा, हे सांगणे कठीण.

जीएफएपी हे प्रथिन वेगळ्या कामाचे. रक्तस्रावात पेशी लगेच फाटतात, म्हणून ते पहिल्या काही तासांतच वाढते. गुठळीच्या पक्षाघातात पेशी सावकाश मरतात, म्हणून ते उशिरा चढते. या फरकावरून रुग्णवाहिकेतच दोन प्रकार वेगळे ओळखता येतील, या दिशेने संशोधन चालू आहे. तोवर सीटी स्कॅनला पर्याय नाही.

न्यूरोफिलामेंट लाइट चेन म्हणजे एनएफएल हे चेतातंतूंच्या सांगाड्याचे प्रथिन. त्याचे रक्तातले प्रमाण पिकोग्रॅममध्ये म्हणजे ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागात मोजावे लागते. ते हळूहळू वाढते आणि शिखरावर पोचायला दोन-तीन आठवडे घेते. पहिल्या आठवड्याच्या अखेरीस मोजलेले एनएफएल तीन महिन्यांनंतरच्या स्थितीशी चांगले जुळते. म्हणजे हा साक्षीदार खरे बोलतो, पण तातडीचे निर्णय होऊन गेल्यावर. स्वित्झर्लंडच्या बाझेलमध्ये २००९ मध्ये ३६२ रुग्णांवर अभ्यासलेले कोपेप्टिन मात्र पहिल्याच दिवशी बोलते. ताणात स्रवणाऱ्या व्हॅसोप्रेसिनच्या मूळ साखळीचा तो उरलेला तुकडा. वय आणि तीव्रता यांच्या जोडीला तो घेतला की अंदाज सुधारतो, असे त्या गटाला आढळले. तरीही नेहमीच्या उपचारात त्याचा वापर रुळलेला नाही.

धूर आणि आग

न्यायशास्त्रातले जुने उदाहरण आहे : डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे. अनुमान बरोबर, पण धूर हाकलून आग विझत नाही. रक्तातल्या खुणांचे असेच आहे.

साखर वाढलेल्यांचे परिणाम वाईट, म्हणून ती इन्सुलिनने ८० ते १३० मध्ये घट्ट बांधून पाहिली गेली. अमेरिकेतील शाइन चाचणीत १,१५१ रुग्ण होते. २०१९ चा निष्कर्ष असा, की १८० च्या आत ठेवलेल्यांपेक्षा घट्ट बांधलेल्यांना काही जास्त लाभ झाला नाही. एनटी-प्रोबीएनपीसारख्या खुणांवरून हृदयाच्या वरच्या कप्प्याचा दोष गृहीत धरून अ‍ॅस्पिरिनऐवजी अपिक्साबॅन हे रक्त पातळ करणारे औषध देण्याचा प्रयोग २०२४ च्या आर्केडिया चाचणीत झाला, त्यातही फायदा दिसला नाही.

रक्तातल्या होमोसिस्टीन या अमिनो आम्लाची गोष्ट महाराष्ट्राच्या जवळची. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश पुरुषांत ब१२ कमी होते आणि त्यामुळे अनेकांत होमोसिस्टीन वाढलेले होते. हे वाढले की पक्षाघाताचा धोका वाढतो. पण ८,१६४ रुग्णांच्या व्हिटाटॉप्स चाचणीत ब जीवनसत्त्वांनी होमोसिस्टीन उतरले, तरी पुन्हा झटका येण्याचे प्रमाण लक्षणीय घटले नाही. ब१२ ची कमतरता भरून काढावीच, ती नसा आणि रक्तासाठी. पक्षाघात टळेल अशी हमी म्हणून नव्हे.

याउलट एलडीएल कोलेस्टेरॉल ही खूण आहे आणि कारणही. फ्रान्स व दक्षिण कोरियात झालेल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २,८६० रुग्णांपैकी ज्यांचे एलडीएल ७० च्या खाली ठेवले त्यांच्यात हृदय व मेंदूच्या मोठ्या घटना ८.५ टक्के झाल्या. ज्यांचे ९० ते ११० मध्ये ठेवले त्यांच्यात त्या १०.९ टक्के झाल्या. म्हणून घरी जाताना जपून ठेवायचे आकडे एलडीएल आणि एचबीए१सी यांचे आणि त्यांच्या जोडीला रक्तदाबाचा, जो कोणत्याही नळीत सापडत नाही.

शंभरांचा हिशेब, एकाचे आयुष्य

भाकीत किती अचूक, हे मोजण्याची एक साधी रीत आहे. बरा झालेला एक आणि न झालेला एक अशी जोडी घ्यायची आणि पद्धतीने कोणाला जास्त धोका दिला ते पाहायचे. शंभरातल्या ५० जोड्या बरोबर आल्या तर ती नाणेफेक. वय आणि एनआयएचएसएस एवढ्यावरच बरोबर जोड्यांची संख्या बरीच वर जाते. एडिनबर्गमध्ये डॉ. विल्यम व्हाइटली यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवले, की दाहाची खूण असलेले इंटरल्युकिन-६ आणि एनटी-प्रोबीएनपी यांचा वाईट परिणामाशी संबंध आहे खरा, पण वय आणि तीव्रतेच्या हिशेबात त्यांनी फारशी भर पडत नाही. मोठा झटका बसलेल्या वृद्धाच्या रक्तात खुणाही मोठ्याच असतात. नळी तेच पुन्हा सांगते.

शिवाय हे आकडे समूहाचे असतात. शंभरांपैकी ६० दगावतील असे सांगणारी पद्धत या खाटेवरचा रुग्ण त्या साठांत आहे की चाळिसांत, हे सांगत नाही. वाईट भाकीत स्वतःच खरे होण्याचा धोकाही असतो. मेंदूत रक्तस्राव झालेल्या रुग्णांच्या बाबतीत हा दोष २००१ मध्येच दाखवून दिला गेला. ज्यांची आशा सोडून उपचार आवरते घेतले ते दगावले आणि त्यांच्या मृत्यूने भाकीत बरोबर ठरले. म्हणूनच अशा रुग्णांत उपचार मर्यादित करण्याचा नवा निर्णय निदान दुसरा पूर्ण दिवस उलटेपर्यंत घेऊ नये, असे अमेरिकेतील मार्गदर्शक सूचना सांगतात. आपल्याकडे हा धोका पैशाच्या वाटेने येतो. मोबाइलवर आलेल्या रिपोर्टमध्ये चार आकडे लाल ठशात दिसतात, कुणीतरी ‘आता काही राम नाही’ म्हणते आणि ‘डामा’वर म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी जाण्याच्या कागदावर सही करून रुग्ण घरी नेला जातो. लाल ठसा एवढेच सांगतो, की आकडा निरोगी माणसाच्या मर्यादेबाहेर आहे. पक्षाघाताच्या पहिल्या दिवशी तो बाहेर असणारच.

रक्ततपासणीचा आजचा उपयोग असा : साखरेने सोंग ओळखावे, सीबीसी व सीआरपीने न्यूमोनियाची चाहूल घ्यावी, ट्रोपोनिन व एनटी-प्रोबीएनपीने हृदयाकडे पाहावे, एलडीएल व एचबीए१सीने पुढचा झटका टाळावा. चालतील का, बोलतील का, याचे उत्तर वय, तीव्रता, स्कॅन, मिळालेले उपचार आणि फिजिओथेरपीचे पहिले तीन महिने मिळून देतात.

तोंड वाकडे झाले, हात खाली पडला किंवा बोलणे अडखळले तर १०८ ला फोन करावा आणि चोवीस तास सीटी स्कॅन असलेले रुग्णालय गाठावे. निघण्यापूर्वी एक गोष्ट कागदावर लिहून घ्यावी : रुग्ण शेवटचा धडधाकट दिसला ती वेळ. इंजेक्शन द्यायचे की नाही हे त्या वेळेवर ठरते आणि ती सांगणारी रक्ताची तपासणी अजून निघालेली नाही. ती घरातल्याच माणसाने सांगायची असते.